घाण्याचा बैल शर्यतीत

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बैल माणसांशी बोलायचे आणि माणसं, सवड मिळाली तर, ऐकायचीही.

एका नगराबाहेर मोठं तळं होतं. दरवर्षी सुगी संपली की त्या तळ्याभोवती छकड्यांची शर्यत व्हायची. पूर्वी ती फक्त सरदारांची असायची. त्यांचे बैल दूध-लोणी खाऊन वाढलेले, नांगराचं तोंडही न पाहिलेले. बाकीच्यांनी काठावर बसायचं आणि टाळ्या वाजवायच्या. पण पुढे एक राजा जरा वेगळा निघाला. त्याने दवंडी पिटवली, "यंदापासून आणखी एक शर्यत होईल. तिच्यात कामाचा एक बैल आणि घरचा जुना छकडा, एवढंच चालेल. नवं काही आणलं तर परत पाठवू. कुणीही यावं, कोणत्याही वयाचं यावं."

नियमही ठरले. चाबूक नाही, कारण बैलाला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं. शर्यत संपेपर्यंत गाडीवानाने जमिनीला पाय लावायचा नाही. तळ्याला तीन फेऱ्या घालायच्या, आणि ज्याने त्या अर्धवट सोडल्या त्याने पुन्हा कधी यायचं नाही. शेवटचा आला तरी हरकत नाही. जो फेऱ्या पुऱ्या करील, त्याला जन्मभर दरवर्षी यायचा हक्क.

त्या नगरात एक तेली राहायचा. पन्नाशी उलटलेला, केस पिकलेले, गुडघे कुरकुरणारे. ही दवंडी त्याने ऐकली आणि त्याची झोप उडाली.

तसं त्याला काही कमी नव्हतं. घाणा चालत होता, घर भरलेलं होतं. पण लहानपणापासून तो काठावर बसून टाळ्या वाजवत आला होता, आणि दरवेळी त्याचं मन छकड्यात जाऊन उभं राहायचं. आता घाण्याचा बैल गोल फिरायचा आणि काही कारण नसताना तेलीही त्याच्यामागे गोल फिरायचा. गिऱ्हाइकाने तिळाचं तेल मागितलं की करडईचं द्यायचा. जेवता जेवता उठायचा, दारापर्यंत जायचा आणि कशाला उठलो ते विसरून परत यायचा.

तेलीण वैतागली. "अहो, जायचं तर जा ना एकदाचं! पण असे दारात उभे राहून पाय आपटू नका. उंबरा झिजला."

"लोक काय म्हणतील गं? या वयात?"

"लोक आत्ताही म्हणतायत. तेल बदललं म्हणून."

झालं, तेल्याने नाव दिलं. आता खरं तर त्याने रोज सकाळी तळ्यावर जाऊन बैलाला हाकायला हवं होतं. बाकीचे जात होते. पण तळ्यावर पाणी भरायला बायका असायच्या, पारावर न्हावी बसलेला असायचा, आणि न्हाव्याची जीभ त्याच्या वस्तऱ्याहून धारदार होती. पिकल्या केसांचा माणूस छकडा शिकताना धडपडला, तर ती गोष्ट संध्याकाळपर्यंत गावभर झाली असती. तेल्याला ते सोसवेना.

मग त्याने स्वतःची समजूत काढली. "आपला कवड्या घाण्याचा बैल आहे. जन्मभर गोलच फिरला. त्याला तळ्याभोवती फिरायला काय शिकवायचं?"

सराव राहिला बाजूला, आणि तो गोठ्याचं दार लावून छकड्याच्याच मागे लागला. लाकडी साटा, म्हणजे उभं राहायची चौकट, घासला. जू गुळगुळीत केलं. आणि तेल्याच्या घरी तेलाला काय तोटा? चाकांच्या आसाला त्याने इतकं तेल पाजलं, की चाक फिरलं तरी मुंगी चालल्याएवढाही आवाज येईना. तो खूश झाला. बैल शेजारी रवंथ करत हे सगळं पाहत होता. त्याला कुणी काही विचारलं नाही आणि तोही काही बोलला नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. तेल्याने कवड्याच्या डोळ्यांवरची झापडं काढली, छकड्यात उभा राहिला आणि नगारा वाजताच ओरडला, "चल रे राजा!"

कवड्या निघाला की! आजूबाजूला कुंभाराचा, कोष्ट्याचा, माळ्याचा असे सगळे जुने छकडे खडखडत, कुरकुरत धावत होते आणि त्यांच्या मधोमध तेल्याचा छकडा. वारा तोंडावर येत होता. तेल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं आपण काठावर काय करत बसलो होतो, असं त्याला झालं. पहिली फेरी कशी सरली ते कळलंही नाही.

दुसऱ्या फेरीत इतर छकडे हळूहळू पुढे गेले. त्यांचा खडखडाट लांब गेला, मग ऐकू येईनासा झाला. आणि कवड्या थांबला.

थांबला तोही नेमका पारासमोर. समोर न्हावी, पाणवठ्यावर बायका, मागे अर्धं गाव.

"चल रे," तेली हळूच म्हणाला. बैल हलेना. त्याने कासरा हलवला, पाठीवर थोपटलं, पेंडीचं आमिष दाखवलं. बैल शेपटीने माशा हाकत उभा राहिला.

"तेलीबुवा, तेल संपलं का बैलाचं?" न्हाव्याने विचारलं आणि पारावरचे सगळे खदखदून हसले.

तेल्याला घाम फुटला. चाबूक चालत नव्हता. खाली उतरलं की शर्यत संपली, आणि संपली ती कायमचीच. तो वाकून बैलाच्या कानाशी गेला. "अरे कवड्या, असा काय वैऱ्यासारखा वागतोस? का थांबलास?"

"काम संपलं म्हणून," बैल म्हणाला. "मालक, घाणा कुरकुरतो तोवर चालायचं आणि आवाज थांबला की थांबायचं. तुम्हीच शिकवलंत. मघाशी चोहीकडे कुरकुर होती, मी चाललो. आता कुठे काही वाजत नाही."

"मेल्या, हे आधी का नाही सांगितलंस?"

"एकदा जरी इथे आणलं असतंत, तरी तुम्हाला कळलं असतं."

 

तेल्याने एकदा पाराकडे पाहिलं. मान खाली घालून उतरता आलं असतं. बैल अडला म्हणून सांगता आलं असतं, अब्रूही थोडीफार वाचली असती. मग त्याने तळ्याच्या लांबलचक वाटेकडे पाहिलं. उतरला, तर तिथे पुन्हा कधीच यायला मिळणार नव्हतं.  त्याने डोळे मिटले, तोंड उघडलं आणि साऱ्या गावासमोर, पिकल्या केसांनिशी, घाण्यासारखा ओरडला, "कुंईऽऽ कर्र! कुंईऽऽ कर्र!"

बैल चालू लागला.

लोक इतके हसले, इतके हसले, की पाणवठ्यावर एका बाईची घागर फुटली. ज्या हसण्याच्या भीतीने तेली गोठ्यात दडून बसला होता, ते सगळं हसणं आता एकदम अंगावर आलं. त्याचे कान लाल झाले. पण तो ओरडत राहिला आणि छकडा पुढे गेला. वळणापाशी त्याने मागे पाहिलं, तर बायका घागरी भरत होत्या आणि न्हावी कुणाची तरी दाढी करत होता.

"एवढंच होतं होय!" तेली स्वतःशीच म्हणाला. त्याने कुरकुर जोरात केली, तसा बैलही जोरात निघाला.

बाकीचे केव्हाच पोचले होते. हार-तुरे झाले होते, लोक पांगले होते. शेवटचा छकडा येईपर्यंत नगारेवाल्याने थांबायचं, अशी रीत होती, म्हणून तो बिचारा एकटा जांभया देत बसला होता. तेल्याने तिसरी फेरी पुरी केली तेव्हा त्याचा घसा पार बसला होता.

नगारेवाल्याने नगारा वाजवला. "शेवटचे आलात, बुवा. पण हक्क मिळाला. पुढच्या वर्षी येणार ना?"

"पुढच्या वर्षी कशाला?" तेली बसलेल्या आवाजात म्हणाला. "उद्या सकाळीच येतो. शिकायचंय अजून."

आणि तो खरोखरच आला. भर उजेडात, पारासमोरून. धडपडला, चुकला, लोक हसले, पुन्हा फेरी मारली. कवड्या हळूहळू कुरकुरीशिवाय चालायला शिकला आणि तेली त्याला विचारायला शिकला. काही दिवसांनी न्हावी पारावरून उतरून छकड्यापाशी आला. इकडेतिकडे पाहत, आवाज खाली आणून त्याने विचारलं, "बुवा, माझा बैल म्हातारा आहे. चालेल का हो?"

ज्याला उशिरा काही शिकायचं असेल, त्याने चारचौघांत चुकण्याची लाज आधी सोडावी.