भिंतीपुढचं प्रवचन

“मग मी तिला सांगू तरी काय, बुवा?”

हे विचारताना आचार्य शशिधरांचा आवाज चिरकला. एरवी तो आवाज म्हणजे घट्ट साय! त्याच्यावर सभागृहं भरत. सकाळी मोबाइलवर तो कानी पडल्याशिवाय कित्येकांना चहा गोड लागत नसे.

समोर बसलेले रेवणबुवा डोंगरावरच्या दोन खोल्यांत एकटेच राहत. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी जपानातल्या एका झेन मठात, भिंतीकडे तोंड करून बसण्यात घालवली. इथे आल्यावरही तोच उद्योग. शिष्य म्हणावा तर एकही टिकला नाही. भिंतीकडे बघायला कोण कशाला डोंगर चढेल?

“झालं काय, ते सांग.”

“कुमुदचं उद्या ऑपरेशन आहे. हृदयाचं. काल माझा हात धरून म्हणाली, मला फार भीती वाटते हो...”

“मग?”

“मी समजावलं. देह म्हणजे नुसतं वस्त्र, आत्म्याला कुठलं मरण... दारात नर्स उभ्या राहून ऐकत होत्या. एकीच्या तर डोळ्यांत पाणी आलं.”

“आणि कुमुदच्या?”

शशिधर उपरण्याचं टोक चाळवू लागले.

“तिनं हात सोडवून घेतला. म्हणाली, छान बोललात.”

ते दोन शब्द त्यांना रात्रभर जाळत होते. त्यांच्या प्रवचनाला आजवर कुणी इतकं वाईट म्हटलं नव्हतं. आणि उद्या ती टेबलावरून उठलीच नाही, तर आयुष्यभर हेच दोन शब्द उशाशी घेऊन निजावं लागणार होतं.

“बुवा, तुमचं झेनही मी वाचलंय. शिबिरात शिष्यांना काठी मारणाऱ्या त्या गुरूंच्या गोष्टी सांगतो. लोक खूश होतात. त्यातलंच काही तिला...”

“तू त्या गोष्टी सांगतोस,” बुवा म्हणाले. “आम्हाला त्यांत मार बसायचा.”

वाक्य झकास होतं. पुढच्या शिबिरात चालेल, असं शशिधरांच्या मनात येऊन गेलं, आणि लगेच त्यांची त्यांनाच लाज वाटली. बायको तिकडे पलंगावर, आणि हे इकडे टाळ्यांची बेगमी करताहेत! पण जित्याची खोड ती.

बुवांनी चटई ओढून भिंतीशी नेली.

“इकडे तोंड कर. ही कुमुद. बोल हिच्याशी.”

“भिंतीशी?”

“आमच्यात अशीच रीत आहे.”

बुवाही शेजारी भिंतीकडे तोंड करून बसले.

शशिधरांनी डोळे मिटले, श्वास घेतला.

“कुमुद, जीवन हा एक प्रवाह आहे...”

ते थांबले. या जागी लोक हमखास सुस्कारा टाकत. भिंत काही सुस्कारली नाही.

“मृत्यू हा शत्रू नव्हे. तो तर...”

इथे टाळ्या. पण कुठल्या टाळ्या? समोर पोपडे आलेला चुना.

शशिधरांनी हळूच बुवांकडे पाहिलं. बुवा त्यांच्याकडे बघतच नव्हते. त्यांच्याकडे कुणीच बघत नव्हतं. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर एकही चेहरा नाही, असं कधी झालंच नव्हतं.

ते पुन्हा भिंतीकडे वळले.

“कुमे,” ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले. घरात, दोघंच असताना, ते तिला असं म्हणत. “कुमे, मलाही भीती वाटते गं. सभेवरून घरी आल्यावर मी कुणाशी बोलू?”

आणि ते रडले. व्यासपीठावर त्यांचे डोळे पाणावत, तसं नव्हे. नाक गळेपर्यंत रडले, आणि रेशमी उपरण्यानंच ते पुसत राहिले. बुवांनी पाठीवर हात ठेवला नाही, की पाणी विचारलं नाही. नुसते शेजारी बसून राहिले.

हळूहळू हुंदके ओसरले. शशिधरांनी चेहरा पुसला. मग एकदम ते वळले, मांडी ठोकून बसले. डोळ्यांत चमक आली, आवाज पुन्हा लागला.

“समजलं, बुवा! भीती घालवायची नसते, ती वाटून घ्यायची असते. आणि जो भीती वाटून घेतो, तोच खऱ्या अर्थानं...”

बुवांनी त्यांच्या तोंडावर हात दाबून धरला.

“एवढं तिच्यापर्यंत झाकून ने,” ते म्हणाले. “वाटेत सांडतं.”