अर्धा डबा लाडू

दुपारचे तीन. विमानतळाचा तपासणी कक्ष. मस्कतचं सकाळचं विमान अजून जागचं हललं नव्हतं. का, ते सांगायला कोणी नव्हतं. मात्र सुरक्षा कडक झाल्याचं सांगून प्रवाशांच्या बॅगा सकाळीच ताब्यात घेतल्या होत्या.

इंदुताई रणपिसे मस्कतला बाळंतीण लेकीकडे डिंकाचे लाडू घेऊन निघाल्या होत्या. बॅग परत देताना तपासणीच्या मोठ्या साहेबांनी नेमका लाडवांचा डबा बाजूला काढला.

“बाई, हा जाणार नाही. यात काय घातलंय कोणास ठाऊक! विषसुद्धा असेल.”

इंदुताईंनी झाकण उघडलं. घरून काठोकाठ भरून आणलेला डबा अर्ध्यावर आला होता. त्यांनी चेहऱ्यावर नुसती काळजी आणली.

“अगं बाई! मग साहेब, आधी तुमच्या माणसांना दवाखान्यात न्या. कोणीकोणी खाल्लेत?”

“भलतंच काय बोलता? सगळे ठणठणीत आहेत!” साहेब गरजले.

“मग लाडू चांगलेच आहेत की,” म्हणत इंदुताईंनी झाकण लावलं.

रांगेत हशा पिकला. साहेबांनी डबा पुढे सरकवला. तो लेकीपर्यंत पोचलाही. नाहीसे झालेले लाडू कोणी खाल्ले, याचं उत्तर मात्र अजून कोणी दिलेलं नाही.