जास्वंदीला ओतलेली कळशी

"म्हणजे तुझा पहारेकरी शेवटी कुलूप तोडतो. असंच ना?"

"तोडतो, बाई. बेधडक तोडतो."

शार्दूल घैसास पडवीत उभ्यानेच बोलत होता. बस म्हटलं तरी बसला नव्हता. कुडाळच्या रेगेबाईंकडे आम्ही कर्नल शिकायला जायचो. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात बसून सगळं चालवणारा प्रोग्राम. आमच्यात शार्दूल सगळ्यांत हुशार. हे त्यालाही माहीत होतं, तेच तर दुखणं होतं.

भानगड अशी होती. डिस्ककडे एका वेळी ढीगभर कामं येतात. कुणाचं आधी, कुणाचं नंतर, हे ठरवणारा कर्नलमधला कारभारी म्हणजे शेड्यूलर. तो चालू मशीनवरही बदलता येतो. कुलूप घालून डिस्क थांबवायची, जुना काढायचा, नवा बसवायचा, डिस्क सोडायची. पण कधीकधी मधेच मशीन जे थिजायचं, ते थिजायचंच.

त्यावर शार्दूलने तीनशे ओळींचा पहारेकरी लिहिला होता. मशीन अडकलं की तो कुलूप तोडून डिस्क सोडवायचा. संध्याकाळपर्यंत पाठवला तरच तो कर्नलच्या नव्या आवृत्तीत जाणार होता, शार्दूलच्या नावासकट. त्याच्या आईने तर गावात पेढेही वाटून टाकले होते.

"का अडकतं, ते बघितलंस?"

"अडकेना का! मी सोडवतो ना."

...

बाई उठल्या. "विहिरीवरचा पंप बदलायचाय. जमेल?"

"पंप? डाव्या हातचा मळ."

विहिरीपाशी भरलेली कळशी होती. बाईंनी ती उचलली आणि जास्वंदीच्या मुळाशी ओतून टाकली.

"अहो बाई, घरात तेवढंच पाणी आहे!" मी म्हटलं. विहिरीला ना रहाट, ना दोर.

"असू दे रे," शार्दूल म्हणाला. "पंप लावला की हवं तेवढं पाणी."

त्याने जुना पंप काढला, नवा बसवला. शीळ घालत, पाना फिरवत. काम फक्कड केलं, खोटं कशाला बोलू. मग बटण दाबलं.

पंप नुसताच घरघरला. पाण्याचा टिपूस नाही.

"पोटात पाणी ओतल्याशिवाय नवा पंप पाणी उचलत नाही," शार्दूल घाम पुसत म्हणाला. "कळशीभर पाणी द्या, बाई."

"पंप लावला की हवं तेवढं पाणी."

...

आपलंच वाक्य बाईंच्या तोंडून ऐकून शार्दूलचे कान लाल झाले. रिकामी कळशी घेऊन तो शेजारच्या तिरोडकरांकडे निघाला. पोरगा जन्मात पहिल्यांदा कुणाकडे काही मागायला चालला असेल. फाटकापाशी मात्र थबकला.

"बाई... नवा शेड्यूलर डिस्कवरच पडलेला असतो."

"बरं."

"आणि डिस्क तर आपण आधीच थांबवलेली. मग तो आणायचा कुठून? आणि तो आल्याशिवाय डिस्क सुटत नाही..."

"तिरोडकरांकडून आण."

"मशीनला शेजारी नसतो, बाई!" तो ओरडलाच.

बाईंचा चेहरा असा काही फुलला, की आम्हाला शार्दूलचा चक्क हेवा वाटला.

पाणी आलं, पंप चालला. शार्दूल पडवीत येऊन बसला. हो, बसला. पहारेकरी अख्खा पुसून टाकला. नवा शेड्यूलर आणायची ओळ उचलली आणि डिस्क थांबवायच्या ओळीच्या वर नेऊन ठेवली. दुपारभर आम्ही आळीपाळीने शेड्यूलर बदलत बसलो. मशीन एकदाही थिजलं नाही.

तरी पठ्ठ्याचा हात पाठवायच्या बटणावर अडला.

"एक ओळ वर नेली, बाई. एवढ्याशावर नाव लावू? गावात पेढे वाटलेत हो."

"ताठ मानेने लाव," बाई म्हणाल्या. "आपल्या हाताने लिहिलेल्या तीनशे ओळी पुसल्यास. माझ्या पडवीत हे आजवर कुणाच्याने झालं नव्हतं. मी सांगेन सगळ्यांना, माझा विद्यार्थी आहे म्हणून."

बाईंच्या तोंडून असं आम्ही कधी ऐकलं नव्हतं. माझीच छाती फुगली, मग त्याची काय गत! त्याने बटण दाबलं आणि उठून आमच्याकडे वळला. मान वर, हात कमरेवर.

"बघितलंत? एका ओळीत!"

...

बाई विहिरीकडे बघत होत्या.

"शार्दूल, निघण्याआधी कळशी भरून ठेव."