लाजरसची हरकत

गोदाकाठच्या एका गावात लाजरस नावाचा एक भोळा गडी राहत होता. एका रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी उपदेश केला की कोणी चूक दाखवली तर जो ती मानतो तो शहाणा, ज्याला राग येतो तो मूर्ख. प्रत्येकाला वाटलं, हे शेजाऱ्यासाठी आहे. एकट्या लाजरसला वाटलं, हे आपल्यासाठी आहे, आणि तो 'चुकलं' म्हणाला.

तेवढ्यावर गावातल्या मार्थानं त्याला नवरा म्हणून पसंत केलं. 'चुकलं' म्हणणारा दुसरा पुरुष तिला गावात सापडला नव्हता. तिचे वडील शमुवेलमामा नाखुशीनंच तयार झाले.

पुढच्या रविवारी गीत संपलं तरी लाजरस गातच राहिला. पाळकसाहेबांनी समजावलं, सगळे गप्प झाले की आपणही गप्प बसावं.

"चुकलं," लाजरसनं कान पकडले.

मग एका दुपारी मामांच्या कडब्याच्या गंजीला आग लागली. ओसरीवर सगळे झोपलेले, म्हणजे गप्प. लाजरसही शेजारी गप्प बसला. गंजीची राख झाली. मामांनी कपाळाला हात लावला. "अरे, सगळे गप्प असले तरी दिसेल ते मोठ्यानं सांगावं."

"चुकलं," लाजरसनं कान पकडले.

रविवारी मूक प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. लाजरस मोठ्यानं म्हणाला, "पाळकसाहेब घोरताहेत."

पाळकसाहेब दचकून जागे झाले आणि लालबुंद झाले. रागावू नये हा उपदेश त्यांचाच होता, पण तो मंडळीसाठी होता. "दुसऱ्याची चूक दाखवण्याआधी स्वतःची बघावी," ते कडाडले.

"चुकलं."

मामांनी बजावलं, आता एक जरी चूक झाली तरी लग्न मोडलं समज. मार्था रडली. लाजरसनं सगळे धडे रोज घोकले.

लग्नाचा दिवस आला. मार्था पांढऱ्या साडीत उभी राहिली. पाळकसाहेबांनी रिवाजाप्रमाणे विचारलं, या लग्नाला कोणाची हरकत असेल तर आत्ताच बोला.

सगळे गप्प. लाजरसनं हात वर केला.

"माझी आहे."

"कसली?"

"नवरा मूर्ख आहे."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात, पाळकसाहेब. मी कधी नाही म्हटलंय का?"

मंडळीत कोणालाच हे खोडून काढता येईना. पाळकसाहेबांनी पुस्तक मिटलं. मामा मार्थाचा हात धरून घरी निघून गेले.

त्या दिवशी कोणीच लाजरसची चूक दाखवली नाही. या वेळी बरोबर आलं, असं समजून तो शेजारी मार्थासाठी जागा ठेवून पंगतीला बसला.