रावसाहेबांचा अक्षतांचा फोटो

केतकीच्या लग्नात कुठला फोटो कधी काढायचा, हे फोटोग्राफर शौकतने दोन्ही घरांना आधीच सांगून ठेवलं होतं. मुहूर्तावर अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले गेले. आता ऊन उतरायच्या आत अंगणात सगळ्यांचा एकत्र फोटो तेवढा राहिला होता. इतक्यात नवऱ्याचे थोरले काका रावसाहेब फेटा सावरत उगवले.

"माझ्याशिवाय अक्षता टाकल्याच कशा?" ते गरजले. "अंतरपाट पुन्हा धरा! अक्षता टाकतानाचा माझा फोटो हवा म्हणजे हवा!"

शौकतने हताशपणे उन्हाकडे पाहिलं. केतकीचे वडील तर हातच जोडायला निघाले.

केतकी मात्र हसून म्हणाली, "धरूया की, काका. पण अंतरपाट धरला म्हणजे आमचं लग्न अजून व्हायचंय. मग बघण्याच्या कार्यक्रमापासूनच सुरुवात करू. तेव्हा सगळे प्रश्न तुम्ही विचारले होते, आता मी विचारते. मुलाकडची माणसं वेळेवर येतात का हो?"

मांडवात हशा पिकला. नवऱ्याने घाबरून काकांचा हात धरला. "काका, आधी अंगणात चला!"

संध्याकाळी वरातीच्या फोटोला घोडा यायच्या आधी रावसाहेब येऊन उभे होते.