मखमल्याची ओवाळणी

एक नगर होतं, आणि त्या नगरातले लोक चोराची वाट बघायचे. हसताय काय, खरंच बघायचे, बरं का. दारं सताड उघडी ठेवायचे, ओसरी सारवायचे, तांब्याची भांडी चिंचेनं घासून दिसतील अशी मांडायचे. का म्हणाल, तर तो चोर साधासुधा नव्हता.

त्या नगराचं नाव बकुळनगर आणि राजाचं नाव हौसेराव. राजा मनानं चांगला होता, पण त्याला सत्कार करायची भारी हौस. कुणाच्या म्हशीला जुळी रेडकं झाली, की म्हशीला शाल. कुणी एकट्यानं अख्खा फणस संपवला, की त्याला शाल आणि नारळ. कोठारात धान्यापेक्षा शालीच जास्त झाल्या होत्या.

मग एकदा काय झालं, नगरात चोऱ्या व्हायला लागल्या. पण कशा चोऱ्या. कडी वाजत नसे, कुत्रं भुंकत नसे, पायाचा ठसा उमटत नसे. चोर वस्तू उचलायचा आणि तिच्या जागी बकुळीच्या फुलांचा एक गजरा ठेवून जायचा. चुलीवर दूध उतू जात असेल, तर तेवढं खाली उतरवून जायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं मखमल्या. कारण त्याचा हात म्हणे मखमलीसारखा मऊ चालायचा.

झुंबरशेठची हिऱ्याची अंगठी गेली, तीसुद्धा भर दिवसा, बोटातून, शेठ जेवत असताना. शेठनं रडावं की नाही? शेठनं पेढे वाटले. येणाऱ्याजाणाऱ्याला बोट पुढे करून दाखवायचे, म्हणायचे, बघा, इथून नेली, मला भाताचा घास गिळेपर्यंत कळलं नाही. मग पंतोजींचं जरीकाठी धोतर दोरीवरून गेलं. पंतोजींनी त्या दिवशी शाळेला सुट्टी दिली. मग तर कहरच झाला. खुद्द राजाला एक शिंक आली, आणि शिंक संपते तोवर त्याच्या खांद्यावरचा शेला गेला. राजा इतका खूश झाला, की पुन्हा शिंक येते का म्हणून दिवसभर नाकाला तपकीर लावत बसला.

ज्यांच्याकडे चोरी झाली नाही, ते बिचारे खाली मान घालून फिरायचे. बायका पाणवठ्यावर एकमेकींना टोमणे मारायच्या, की तुमच्याकडे काय आहे म्हणून येतील ते? हो, 'ते' म्हणायच्या. चोराला अहो-जाहो करायच्या.

आता याच नगरात येसाक्का राहायची. केस पांढरे, नाकात मोठी नथ, आणि नवरा परसात भोपळे राखत बसलेला. त्याला ऐकू कमी यायचं, म्हणून येसाक्का दिवसभर ओरडून बोलायची आणि तिचा आवाज सगळ्या आळीला पाठ होता. तिच्या घरात होता एक पाळणा. तो साधा नव्हता, बरं का. त्याच्या दांडीवर तीन लाकडी पोपट बसलेले होते. पाळण्यात बाळ ठेवलं, की ते पोपट गायला लागायचे. दरेक बाळासाठी वेगळं गाणं. कितीही रडकं बाळ असो, तिसऱ्या पोपटाचं कडवं येईस्तोवर ते गाढ झोपलेलं असायचं.

पाळणा राहायचा येसाक्काच्या घरी, पण होता सगळ्या नगराचा. कुणाकडे बारसं असलं, की चार गडी यायचे, पाळणा उचलून न्यायचे. राजा हौसेरावसुद्धा त्याच पाळण्यात झोपलेला होता. येसाक्का तो पुसायची, दोऱ्या बदलायची, पोपटांच्या चोचींना तेल लावायची.

त्या वर्षी तिच्या नातीला, जाईला, मुलगी झाली. पण दिवस भरायच्या आधीच झाली. मूठभर जीव, बोटं म्हणजे जिऱ्याचे दाणे. पोर सारखी रडायची आणि रडून रडून दूध पिताना थकायची. सुईण म्हणाली, "अक्का, हिला झोप लागली तर ही अंग धरेल. नाही लागली, तर मला काही सांगता येत नाही." येसाक्का म्हणाली, घाबरू नका, पाळणा आहे ना आपला. उद्या बांधू.

आणि दुसऱ्या दिवशी येसाक्का दारातच वाटाणे सोलत बसली होती, दाराला पाठ टेकून. सोलून झाले, उठली, आत गेली. पाहते तर पाळणा नाही. आढ्याला नुसत्या कड्या. खाली जमिनीवर बकुळीचा गजरा.

येसाक्कानं जी आरोळी ठोकली, ती भोपळ्यातल्या म्हाताऱ्यालासुद्धा ऐकू आली. मग सगळी आळी धावून आली. येसाक्काला वाटलं, आता हे चोराला शोधायला निघतील. पण लोक काय करत होते? दार मापत होते. चार गड्यांनी आडवा धरून काढावा लागणारा पाळणा, एकट्यानं काढला कसा? तोही अक्का दारात बसलेली असताना? एक जण म्हणाला, खिडकीतून. दुसरा म्हणाला, खिडकीतून अक्काचं मांजर निघत नाही. मग सगळे मिळून खिडकी मापायला लागले. झुंबरशेठ तर गहिवरले. म्हणाले, अक्का, माझी अंगठी काहीच नाही याच्यापुढे, तू नशीबवान आहेस.

आत पोर रडत होती. जाई तिला छातीशी धरून फिरत होती. येसाक्का म्हणाली, "अरे, त्याच्या हाताकडे सगळे बघताय. माझं घर रिकामं झालं, त्याच्याकडे बघा की कुणीतरी." पण तिचं बोलणं त्या गलक्यात विरून गेलं. कधी नव्हे ते तिचा आवाज कुणाला ऐकू गेला नाही.

आता त्या वर्षी नगरात इतरही बाळं होतीच. पाळणा नाही म्हटल्यावर तीही रडायला लागली. एक रडलं की दुसरं, दुसरं रडलं की तिसरं. सगळं नगर तारवटलेल्या डोळ्यांनी फिरायला लागलं. वाणी साखरेऐवजी मीठ द्यायचा. न्हावी एकच गाल करायचा. तरी जांभया देत देत मखमल्याचं कौतुक चालूच.

आणि राजा हौसेरावानं दवंडी पिटवली. मखमल्यानं समोर यावं. शिक्षा नाही, काही नाही. चौकात जाहीर सत्कार होईल, हत्तीवरून मिरवणूक निघेल. ही कला आहे, म्हणाला राजा, आणि कलेचा मान राखला पाहिजे.

मग झाली ना पंचाईत. सत्काराच्या दिवशी तीन मखमल्या आले. पहिला आला कासार, त्याला हत्तीवर बसायचं होतं. दुसरे आले राजाचे मेहुणे, त्यांना नुसतंच कुठेतरी बसायचं होतं. आणि तिसरा आला एक उंच, सडपातळ, गोरागोमटा माणूस. अंगावर शेला, डोक्याला पगडी, बोटात अंगठी. चालला तर धूळ उडाली नाही. सगळ्यांनी ओळखलं, हाच. फक्त त्याचे डोळे मात्र तांबडेलाल होते, का कुणास ठाऊक.

राजानं त्याला चौरंगावर बसवलं. आता आपल्याकडे सत्कार म्हणजे आधी औक्षण. ओवाळणार कोण? दिवाण म्हणाले, ज्यांच्या घरची चोरी सगळ्यांत अवघड, त्यांचा मान. म्हणजे येसाक्का.

येसाक्काला बोलावणं गेलं. तिला जायचं नव्हतं. पोरीनं सकाळपासून दूध घेतलं नव्हतं, रडणंसुद्धा बारीक झालं होतं. पण जाई म्हणाली, आजी, तू जा, त्याच्या पाया पड, पण पाळणा माग. मग येसाक्का पदर खोचून गेली. तबक हातात घेतलं. कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजनानं ओवाळलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लोकांना वाटलं, अक्काला भरून आलं.

ओवाळून झालं, की तबकात ओवाळणी पडेपर्यंत बाई तबक खाली ठेवत नाही. हे तुम्हाला ठाऊकच आहे, भाऊबीजेला तुम्ही नाही का ताटकळता. येसाक्का तबक धरून उभी राहिली. मखमल्यानं हसून बोटातली अंगठी काढली आणि तबकात टाकली.

झुंबरशेठ गर्दीतून उड्या मारायला लागले. "माझी आहे ती. बघा, बघा, माझी अंगठी सत्काराला घालून आलेत." आनंद मावेना त्यांना.

येसाक्का म्हणाली, "मग ही शेठजींची झाली. शेठजी, घेऊन जा. बाबा, ओवाळणी आपली घालायची असते."

मखमल्याला काय, त्यानं खांद्यावरचा शेला काढला, नीट घडी केली आणि तबकात ठेवला. तर राजाच उठून उभा राहिला. हा माझा, म्हणाला, शिंकेच्या वेळचा. आणि सगळ्यांकडे मोठ्या अभिमानानं पाहिलं. येसाक्कानं शेला राजाला दिला आणि तबक पुन्हा पुढे केलं.

आता मखमल्याला जरा घाम आला. त्यानं पगडी काढली. ती निघाली कोतवालाची. अंगरखा काढला, तो शिंप्याच्या दुकानातला. जोडे काढले, ते देवळाबाहेरून उचललेले, आणि दोन पायांत दोन वेगळ्या माणसांचे. दरेक वस्तूला गर्दीतून कुणीतरी ओरडायचं, माझं, माझं. आधी ओरडणारे हसत होते. मग हळूहळू हसू कमी झालं. एक बाई म्हणाली, अगंबाई, म्हणजे माझं ते चांदीचं पैंजण परत मागता येईल की. दुसरा म्हणाला, माझी बैलगाडीची घुंगरं किती दिवस झाली गेलेली.

मखमल्या आता नुसत्या धोतरावर बसला होता. पुढच्या रांगेतून पंतोजी बारकाईनं त्या धोतराच्या काठाकडे बघत होते. मखमल्यानं दोन्ही हातांनी निऱ्या घट्ट धरल्या. पोरं खिदळायला लागली, आणि मग सगळा चौक हसला.

इकडे निरांजनातलं तूप संपत आलं होतं. येसाक्काचे हात भरून आले होते, पण तिनं तबक काही खाली ठेवलं नाही. मखमल्या हळूच म्हणाला, "अक्का, माझं असं काहीच नाही गं."

"इतकी वर्षं राबलास बाबा, काय कमावलंस मग?"

त्यानं विचार केला. म्हणाला, "कौतुक."

"मग ते घाल."

मखमल्यानं मान वळवून गर्दीकडे पाहिलं. गर्दीत आता त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. कुणाचं काय गेलं, ते आठवून एकमेकांना सांगत होते. आणि आठवता आठवता काहींच्या डोळ्यांत पाणीसुद्धा येत होतं, कारण पैंजण कुणाच्या आईचं होतं, घुंगरं कुणाच्या मेलेल्या बैलाची होती. मखमल्या तसाच बघत राहिला. मग खाली मान घालून बसला.

येसाक्काला त्याची दया आली, पण तबक तिनं पुढेच धरलं. म्हणाली, "हे हात तरी तुझे आहेत का?"

"हात माझेच, अक्का."

"मग हेच घाल ओवाळणीत. माझ्या जाईची लेक झोपेवाचून सुकत चालली आहे. या हातांनी पाळणा आण."

मखमल्या उठला. एका हातानं निऱ्या धरून जो पळाला, तो नदीपलीकडच्या पडक्या धर्मशाळेत. आणि खरं सांगू का, त्यालाही सुटल्यासारखंच वाटलं. त्यानं पाळणा नेला होता खरा. नेल्यावर एकदा गुडघे पोटाशी घेऊन त्यात झोपूनही बघितलं होतं, आपल्यालाही गाणं मिळतं का म्हणून. गाणं कुठलं. त्या तीन पोपटांनी त्याला पाळीपाळीनं इतकं फटकारलं होतं, की तेव्हापासून त्या बिचाऱ्याच्या डोळ्याला डोळा नव्हता.

त्यानं पाळणा एकट्यानं आणला. अक्काच्या दारातून आत घेतला, चौकटीला लागला नाही, कडी वाजली नाही. येसाक्का, राजा, झुंबरशेठ सगळे बाहेर श्वास रोखून उभे होते. तो कसा आत शिरला हे या वेळी कुणी मापलं नाही. सगळ्यांचे कान आत लागले होते.

जाईनं पोरीला पाळण्यात ठेवलं. पहिला पोपट गायला. पोरगी हुंदके देत होती. दुसरा गायला. हुंदका थांबला. तिसऱ्यानं नुसता सूर लावला आणि पोरगी झोपली. अशी झोपली, अशी झोपली, की उठल्यावर गटागटा दूध प्यायली. सुईण म्हणाली, आता काळजी नाही.

मग बारसं झालं. पोरीचं नाव ठेवलं निद्रा. नाही हं, काहीतरीच काय, नाव ठेवलं मंजुळा. मखमल्यासाठी आणलेली शाल मंजुळाला पांघरली. राजानं कबूल केलं, की शाल देताना आपण घाई करतो. हत्ती आणलाच होता, म्हणून त्यावर सुईणीला बसवलं. ती सगळा वेळ डोळे मिटून हत्तीला शिव्या देत होती.

आणि मखमल्या? त्यानं ज्याचं त्याला परत नेऊन दिलं, धोतरसुद्धा. येसाक्कानं म्हाताऱ्याचं जुनं धोतर त्याला दिलं. मग पाळणा घरोघरी न्यायचं काम त्याच्याकडेच आलं. तो असा अलगद न्यायचा, की झोपलेलं बाळ अंथरुणावर उतरायचं, पाळणा या घरून त्या घरी जायचा आणि बाळाची पापणीही हलायची नाही. लोक म्हणायचे, हात छान आहे हो तुझा. तेव्हा तो लाजायचा. आधी कधी लाजला नव्हता.

मंजुळा मोठी झाली, येसाक्काइतक्याच मोठ्या आवाजाची झाली. सगळे सुखात राहिले. त्या नगरातली बाळं झोपली, राजा झोपला, पोपट झोपले, मखमल्यासुद्धा कुशीवर वळून घोरायला लागला. जागे आहात ते फक्त तुम्ही. चला, पाय आत घ्या पांघरुणात. मिटा डोळे.