खणाचा बोर्ड आणि भित्री टाचणी

घरातल्या वस्तू एकमेकींशी मोकळेपणाने बोलायच्या, तेव्हाची ही गोष्ट. शालन नावाच्या बाईने घरासाठी एक शोभेचा पिनबोर्ड केला. ओटीत मिळालेला, कित्येक वर्षं जपून ठेवलेला अंजिरी खण तिने थर्माकोलवर ताणून बसवला आणि बोर्ड खिडकीजवळ टांगला.

"माझ्या अंगाला कुणी टोचायचं नाही हं!" खणाने बजावलं.

बोर्डाशेजारच्या टाचण्यांच्या डबीतली धाकटी टाचणी पटकन मागे सरकली. कुणाला आपल्यामुळे दुखेल, या विचारानेच ती घाबरायची. "नाही हो टोचत, खणदादा," ती पुटपुटली.

इतक्या सुंदर कापडाला भोक पाडायला शालनलाही धीर होईना. लेकीचं हॉस्टेलवरून आलेलं पहिलंवहिलं पत्र तिने बोर्डाच्या कडेला नुसतं खोचलं आणि ती दूध उतू जातंय का बघायला धावली.

तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्याने पत्र सुटू लागलं. खिडकीखाली तर गटार वाहत होतं.

"अगं टाचणे, धाव!" खण ओरडला. "पत्र गेलं तर बाई रडत बसेल!"

"पण तुम्हाला दुखेल ना!"

"दुखू दे गं! आधी टोच!"

टाचणीने डोळे घट्ट मिटून उडी मारली. कागदातून ती थेट खणात शिरली. पत्र जागच्या जागी थांबलं.

"फार दुखलं का हो?" डोळे न उघडताच तिने विचारलं.

"थोडंसं," खण म्हणाला. "पण तू हलू नकोस. आणि तुझ्या बहिणीलाही हाक मार, खालचा कोपरा अजून फडफडतोय."